मागच्या रांगेचा प्याला

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास माझी प्रार्थना बंद पडली. मी ती मुद्दाम सोडली नव्हती. सकाळी साडेपाचला उठून, चहाच्या आधी, कॉटच्या कडेला बसून प्रार्थना करायची ही माझी चाळीस वर्षांची सवय. रात्रपाळी करून घरी आले तरी तेवढं व्हायचंच. त्या दिवसांतही मी रोज बसत होते, डोळे मिटत होते, ओठही हलत होते, पण आत काही हलत नव्हतं. देवाशी भांडण झालं असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं. मी मधुमेहाच्या गोळ्यांची वेळ बदलून पाहिली, दुपारची झोप वाढवून पाहिली. चौतीस वर्षं परिचारिकेची नोकरी केली की माणूस प्रत्येक दुखण्यावर आधी औषध शोधतो. पण या दुखण्याचं कारण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, फक्त मी तिकडे बघत नव्हते.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. भूगावकडून पौडला जाताना रस्त्यापासून थोडं आत, एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही रविवारी उपासनेला जमतो. शेड भाड्याची. पंखे चार, त्यातले दोन फिरतात. माझे यजमान या मंडळीचे पंच होते, आणि मंडळीला स्वतःचं प्रार्थनागृह असावं हा त्यांचा एकच ध्यास होता. शेवटच्या आजारपणात ते जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर त्याचे नकाशे काढत बसायचे. दार कुठे, खिडक्या किती, चपला काढायला ओसरी केवढी. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. हे आधी सांगते, कारण पुढे मी जे केलं ते त्यांच्या त्या इच्छेसाठी केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते.

आमच्याकडे तीन तऱ्हेची माणसं येतात. आमच्यासारखी गावातली जुनी घरं. भूगाव, बावधन, सूस इकडच्या सोसायट्यांत राहायला आलेली नोकरदार कुटुंबं, जी गाड्यांतून येतात आणि उशिरा येतात. आणि डोंगरकडेच्या कातकरी वाडीतली चार घरं, जी पाऊण तास चालून येतात आणि सगळ्यांच्या आधी पोचतात. या चार घरांचं मूळ म्हणजे चिमाबाई. तरुणपणी तिचं पहिलं बाळंतपण अडलं, तेव्हा मिशनच्या दवाखान्यातल्या एक बाई दोन दिवस तिच्या उशाशी बसून होत्या. तेव्हापासून ती येशूचं नाव घेते. तिचं वय पंच्याऐंशीच्या आसपास असावं. विचारलं तर "शंबर लिवा" म्हणते. तिची सून ठकूबाई साठीला टेकली आहे, बांधकामावर नाहीतर भातलावणीला जाते, आणि बोलायला अगदी रोखठोक. मनात एक आणि तोंडावर एक असं तिच्या घराण्यात नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षाचा रस वाटून घ्यायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून त्याची तयारी माझ्याकडे. शनिवारी काळ्या मनुका भिजवायच्या, उकळून कुस्करायच्या, फडक्यातून गाळून रस काढायचा, बेखमीर, न आंबवलेल्या पिठाची भाकर भाजायची. प्याला एकच, सासऱ्यांच्या काळातला. आणि आमच्या मंडळीची एक जुनी रीत आहे, ती दुसरीकडे कुठे मी पाहिली नाही. आमच्यात प्याला वयाने फिरतो. त्या दिवशी हजर असलेल्यांत जे सर्वांत म्हातारं, त्याने पहिला घोट घ्यायचा, मग बाकीच्यांनी वयाच्या क्रमाने. ही रीत कोणी घातली कुणाला माहीत नाही. पण तिच्यामुळे कित्येक वर्षं पहिला घोट चिमाबाईचा असायचा. उपासना चालवणारे आमचे पाळकसाहेब तिला मागून पुढे बोलवायचे. ती दोन्ही हातांनी प्याला धरायची, चांगला आवाज करून घोट घ्यायची आणि पदराने कड पुसून पुढे द्यायची. लहान मुलं हसायची. मग आम्ही सगळे त्याच प्याल्यातून प्यायचो. कोरोनात दोन वर्षं हे बंद होतं, नंतर पूर्वीसारखं सुरू झालं, आणि कुणी काही बोललं नाही.

मग विनोदभाऊ आणि त्यांची पत्नी शर्मिला आमच्या मंडळीत आले. माणूस भला. कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की आपली गाडी काढणार. शर्मिला गाते सुरेख. भूगावच्या पुढे त्यांची एक जागा पडून होती, ती प्रार्थनागृहासाठी द्यायची इच्छा त्यांनी दोन-तीन महिन्यांतच बोलून दाखवली. त्या रविवारी घरी जाऊन मी यजमानांच्या फोटोपुढे उभी राहून रडले. पण पहिल्याच प्रभूभोजनाला माझ्या लक्षात आलं की शर्मिलाने प्याला नुसता ओठांपाशी नेला आणि खाली केला. दुसऱ्या महिन्यात ती नेमकी त्याच वेळी फोन घेऊन बाहेर गेली. तिसऱ्या महिन्यात सोसायट्यांतल्या आणखी दोघीतिघी बाहेर गेल्या. मी जन्मभर दुसऱ्यांच्या जखमा धुतल्या आहेत. किळस आली की माणसाचा चेहरा कसा होतो हे मला लांबून कळतं. आणि ती किळस प्याल्याची नव्हती, चिमाबाईची होती, हेही मला कळलं.

एका गुरुवारी पाळकसाहेब घरी आले. ते वयाने माझ्या मुलाएवढे. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून त्यांनी चहा घेतला आणि मग बराच वेळ कपाशी खेळत राहिले.

"सिस्टर, त्या प्याल्याचं काहीतरी बघायला हवं," ते म्हणाले. "विनोदभाऊ अडून बसलेत असं नाही हो. पण घरात त्यांना ऐकून घ्यावं लागतं. तुम्ही आरोग्याच्या दृष्टीने दोन शब्द बोललात तर कुणाला लागणार नाही. तुमच्या शब्दाला वजन आहे."

जागेचं नावही त्यांनी काढलं नाही. काढायची गरज नव्हती. आणि माझ्या शब्दाला वजन आहे हे ऐकून मला बरं वाटलं, हेही इथे कबूल करते.

माझी प्रार्थना बंद पडली त्याच्या आधीच्या ऑगस्टमध्ये, पहिल्या रविवारी, मी उभी राहिले आणि पाच मिनिटं बोलले. थुंकी, खोकला, जंतू, म्हातारी माणसं, लहान बाळं, कोरोनाने शिकवलेले धडे. त्यातला एकही शब्द पुस्तकाबाहेरचा नव्हता, आणि सगळं मिळून खोटं होतं. मला खरंच जंतूंची काळजी असती तर मी ते आधीच्या तीस वर्षांत बोलले असते. विनोदभाऊंनी स्टीलचे चाळीस छोटे पेले आणून ठेवलेच होते. आम्ही त्या दिवशी साठच्या घरात होतो. तेव्हा पुढच्या रांगांना छोटे पेले आणि मागच्या दोन रांगांना जुना प्याला, असं ठरलं. उरलेले पेले पुढच्या महिन्यात आणू, पाळकसाहेब म्हणाले. मागच्या दोन रांगांत दाराजवळ वाडीतली माणसं बसायची. जंतू त्या रांगांत जात नाहीत, अशी माझी समजूत असावी. कुणी विचारलं नाही. ट्रे मीच भरले. चिमाबाई सवयीने उठायला लागली, तेव्हा ठकूबाईने तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं. मी ते पाहिलं आणि पुन्हा ट्रेकडे वळले.

पेले पुढच्या महिन्यात आले नाहीत, त्याच्या पुढच्या महिन्यातही नाहीत. दिवाळीनंतर वाडीतली माणसं यायची बंद झाली. कापणीची कामं असतील, आम्ही म्हणालो. मग वीटभट्टीवर गेली असतील, म्हणालो. कारणांना तोटा नसतो. मधुमेहाच्या माणसाला पायाला काही लागलं तर ते दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच ते चिघळत जातं, हे मी शेकडो रुग्णांना समजावून सांगितलं आहे. आमच्या मंडळीचं तसंच झालं होतं. प्रत्येक पाऊल शहाणपणाचं होतं, प्रत्येकाला चांगलं कारण होतं, कुणी कुणाशी भांडलं नाही, आणि चार घरं आमच्यातून गेली. जागेचे कागद मात्र हळूहळू पुढे सरकत होते.

एप्रिलमध्ये माझ्याबरोबर नोकरी केलेल्या एका मैत्रिणीच्या मुलाने पौडच्या पुढे, धरणाच्या अंगाला घर बांधलं. त्याची उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थना आणि जेवण होतं. मी एकटीच गेले. जेवणाची पानं मांडायला घेतली तशी मी सवयीप्रमाणे मधुमेहाची गोळी घेतली. तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "जेवणाआधीची प्रार्थना तू कर. तुझी प्रार्थना म्हणजे बाई ऐकत राहावं." सगळे माना खाली घालून उभे राहिले. दोन महिने ज्याच्याशी बोलणं नाही त्याला तीस माणसांसमोर हाक कशी मारायची? मी काहीतरी पुटपुटले, बस चुकेल म्हणाले, आणि कुणाचं न ऐकता चप्पल घालून निघाले. गोळी पोटात आणि पोट रिकामं. आयुष्यभर लोकांना मी नेमकं हेच करू नका म्हणून रागावत आले होते.

फाट्यापर्यंत दहा मिनिटांची वाट. ऊन मरणाचं. बस नव्हती. रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसले तोवर हातांना कंप सुटला होता आणि पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. रक्तातली साखर उतरतेय हे मला लख्ख कळत होतं. पर्समध्ये मी एरवी खडीसाखर ठेवते, पण समारंभाला म्हणून पर्स बदलली होती. रिसॉर्टकडे जाणाऱ्या गाड्या काचा वर करून गेल्या. एका मोटारसायकलला हात केला, त्या पोराने मलाच हात करून दाखवला. मग मला हात उचलता येईना. जीभ जड झाली. आपण बेशुद्ध पडलो तर किती वेळात काय होतं, हे सगळं मी मनातल्या मनात क्रमवार आठवत होते. प्रार्थना करावी असं सुचलं, पण शब्द आले नाहीत. फक्त भीती वाटली.

समोरच्या झाडाखाली मेंढरं बसलेली मला दिसलीच नव्हती. कोकणातून वर परतणारं एखादं धनगराचं बिऱ्हाड असावं. दोन घोडी, पाठीवर संसार लादलेली. एक बाई रस्ता ओलांडून आली. चाळिशीची असेल, उन्हाने रापलेली, हातात जर्मनचा पेला. तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत एकदा पाहिलं.

"चक्कर आली व्हय? ह्यो च्या घ्या. गुळाचा हाय." मग जरा थांबून म्हणाली, "माजा उष्टा हाय पर. चालंल न्हवं?"

मी पेल्याला कसाबसा हात लावला, तो तिनेच माझ्या तोंडाला लावला, आणि मी तो कोरा, धुराच्या वासाचा, अर्धा उरलेला चहा घटाघटा प्यायले. ती माझ्या पाठीमागे हात धरून शेजारी कठड्याला टेकून उभी राहिली, म्हणजे मी मागे मोरीत पडू नये. पदराने वारा घालत राहिली. मग झाडाकडे तोंड करून तिने हाक मारली आणि आणखी एक पेला आला. दहा-पंधरा मिनिटांत माझं डोकं ताळ्यावर आलं. शुद्धीवर आलेलं माणूस काहीही बोलतं. मी म्हणाले, "मी नर्स आहे."

"मंग तुमाला सगळं म्हाईतच हाय की," ती म्हणाली.

तिची मेंढरं उठली आणि रस्त्यावर पसरली. तेवढ्यात बस आली आणि मेंढरांपुढे तिला थांबावंच लागलं. बाईने दारावर थाप मारली आणि वाहकाला सांगितलं, "ह्या म्हातारीला बसवा म्होरं. हिला जरा बरं न्हाई." म्हातारी हा शब्द मला लागला, इतकी मी बरी झाले होते. नाव विचारायचं राहिलं. बस सुटताना मी खिडकीतून पाहिलं, तर ती लंगडत चालत होती. टाचेला फडकं गुंडाळलेलं होतं, त्यातून पू आला होता. नर्स आहे म्हणून सांगणाऱ्या मला एवढा वेळ तिच्या पायाकडे बघायचं सुचलं नव्हतं. दोन दिवसांनी मलमपट्टीचं सामान घेऊन मी त्या फाट्यावर गेले. बिऱ्हाड पुढे गेलं होतं. पुढच्या वळणावरच्या टपरीवाल्याला काही सांगता आलं नाही. देवदूत वगैरे मी म्हणणार नाही. देवदूतांच्या टाचा चिघळत नसाव्यात.

पण बसमध्ये बसल्यावर एक गोष्ट माझ्या मनातून हलेना. पिताना मला जंतू आठवले नव्हते. अनोळखी बाईचं उष्टं मी लहान मुलासारखं प्यायले होते, आणि त्याने मी जगले होते. आणि तिने, जिच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं, आपलं उष्टं मला चालेल की नाही याची काळजी केली होती. आयुष्यात कितीजणांनी तिला ही काळजी करायला शिकवलं असेल. त्या कितीजणांत मी होते. मला बसमध्ये मोठ्याने रडू आलं. वाहकाने पाण्याची बाटली पुढे केली.

त्याच आठवड्यात मी वाडीवर गेले. चढ मला झेपत नाही, चारदा बसले. ठकूबाई दारात सरपणाच्या काटक्या मोडत होती. तिने आत जाऊन पाणी आणलं. मी म्हणाले, "तुम्ही येत नाही आता उपासनेला."

"न्हाई येत," ती म्हणाली आणि काटक्या मोडत राहिली.

"रागावलात माझ्यावर?"

"राग कशाचा, शिस्टर? तुमी दवाखान्यातल्या. तुमी म्हणला जंतू हायेत. पुडच्यांस्नी न्हवे प्येले आन् आमाला जुना प्याला. मंग आमाला कळलं, जंतू आमच्यातच हायेत. आमचं आमी येकमेकाचं प्यालं तर चालतंय, पर तुमच्यातल्यांस्नी कशापायी ताप? म्हून आमी आपलं येनंच सोडलं."

मी राग ऐकायच्या तयारीने गेले होते. रागाला मी उत्तर दिलं असतं. पण ती रागावलेली नव्हती, तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. गावात तापाला, खोकल्याला, बाळंतपणाला माझा शब्द घेणारी ही माणसं, त्यांनी याही वेळी माझा शब्द घेतला होता. मी तिला म्हणाले की तसं काही नाही, चूक माझी आहे. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नाही. रिवाज म्हणून मोठी माणसं असं बोलतात, एवढंच तिने त्यातून घेतलं असावं. मला कळून चुकलं की जे चारचौघांत उभं राहून सांगितलं ते दारात बसून हळू आवाजात मागे घेता येत नाही.

मेच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मी पाळकसाहेबांना सांगितलं की उद्या मला मंडळीसमोर बोलायचं आहे, आणि काय बोलायचं आहे तेही. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "सिस्टर, पंधरा दिवस थांबा. कागद होऊ द्या. मग मी स्वतः तुमच्याबरोबर वाडीवर येतो. तुमच्या यजमानांचा तरी विचार करा." माणूस वाईट नाही. आणि मी, इतकं सगळं होऊनही, बरं म्हणाले. पंधरा दिवसांनी काय बिघडतंय, असं मला खरोखर वाटलं. तडजोडीची सवय लागली की ती अशी सुटत नाही.

रविवारी सकाळी शेडच्या कोपऱ्यातल्या टेबलावर मी रस ओतत होते. पेले ओळीने भरत गेले. मंडळी आत येऊन बसली होती. दिवाळीपासून दर महिन्याला असेच भरत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा माणसं मोजली आणि माझा हात थांबला. छत्तीस माणसं होती. चाळीस पेले सगळ्यांना पुरून उरत होते. मागच्या रांगाच नव्हत्या. जुन्या प्याल्यात रस ओतायची आता गरज नव्हती, प्रश्न आपोआप सुटला होता, आणि तो असाच सुटावा अशी तर आमची सर्वांची इच्छा होती.

साक्षीच्या वेळी, म्हणजे ज्याला काही सांगायचं असेल त्याने उभं राहून बोलायच्या वेळी, मी उठले. काय बोलायचं ते ठरवलेलं सगळं विसरले. जंतूंचं कारण मी काढलं होतं, ते खरं कारण नव्हतं, असं सांगितलं. आपल्यातल्या काहींना चिमाबाईनंतर प्यायचं नव्हतं, आणि मला जागा हवी होती, म्हणून मी नर्सच्या तोंडाने खोटं बोलले. प्रभूच्या मेजावर कुणी कुठे बसायचं हे मी ठरवलं. एवढं बोलून मी बसले. पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं, ते दोघांतिघांनीच म्हटलं.

उपासनेनंतर विनोदभाऊ माझ्याजवळ आले. "हे पंचांच्या बैठकीत बोलायचं होतं, सिस्टर," ते शांतपणे म्हणाले. त्यांचं चुकलं नाही. मी त्यांच्या घरातली गोष्ट त्यांना न विचारता बाहेर काढली होती. पुढच्या महिन्यापासून ते बावधनच्या एका मंडळीत जाऊ लागले. त्यांच्याबरोबर आणखी तीन कुटुंबं गेली. जागा अर्थातच गेली. त्या रविवारनंतरच्या मंगळवारी शर्मिला एकटी घरी आली होती. "मला माझ्या आईचंही उष्टं चालत नाही हो, लहानपणापासून," ती म्हणाली आणि रडली. मी तिला जवळ घेतलं. तिने एकदा मला येऊन हे सांगितलं असतं, किंवा मी तिला विचारलं असतं, तर भाकर रसात बुडवून घ्यायची सोय मी तिच्यासाठी सहज केली असती. खरी अडचण बोलून दाखवायला आम्हा दोघींना लाज वाटली, आणि लाज झाकायला मी विज्ञान पुढे केलं. काही जुन्या माणसांनी माझ्याशी बोलणं सोडलं. "यजमानांच्या स्वप्नावर पाणी ओतलंस," असं माझ्या जावेने तोंडावर सांगितलं.

पाळकसाहेब तीन आठवडे माझ्या घरी आले नाहीत. चौथ्या शनिवारी फोन आला. "उद्या दुपारी वाडीवर जाऊ या. मनुका भिजवा," एवढंच म्हणाले.

आम्ही दोघं गेलो. वाडीच्या चार घरांतली माणसं ठकूबाईच्या दारातल्या मांडवाखाली जमली. चिमाबाई भिंतीला टेकून बसली होती, दम्याने तिचा श्वास वाजत होता. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, प्याला उचलला आणि रीतीप्रमाणे आधी तिच्यापुढे धरला. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आदी तुमी प्या समद्यांनी," ती म्हणाली. "मला खोकला हाय. माजं लागंल कुनाला."

मी तिच्यापुढे खाली बसले. "चिमाआजी, हा दमा आहे. दमा कुणाला लागत नाही. जंतूंचं मी बोलले होते ते खोटं होतं. तुमच्यात काही नाही. मी खोटं बोलले."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला नीट दिसत नाही, म्हणून ती तोंड अगदी जवळ आणते.

"खोटं बोलला?" ती म्हणाली. मग तिने ठकूबाईच्या मांडीवरच्या तान्ह्या मुलीकडे, आपल्या पणतीकडे, बोट केलं. "जल्मली तवापास्नं म्या हिचा येक मुका न्हाई घ्येतला."

ठकूबाई उठली आणि तिने लेकरू म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. चिमाबाईने आधी त्या मुलीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, मग कपाळाचा, मग पावलांचे. आठ महिन्यांचे सगळे मुके तिला एका बैठकीत घ्यायचे असावेत. पाळकसाहेब प्याला धरून तसेच उभे होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. मग तिने प्याला घेतला, घोट घेतला, कड पुसली, आणि माझ्या हातात दिला. माझ्यापेक्षा वयाने मोठी दोन माणसं तिथे बसली होती, रीतीने त्यांचा हक्क आधी होता, पण तिने तो मला दिला आणि कुणी हरकत घेतली नाही. मी प्यायले. पाळकसाहेबांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. "प्रभू, मला क्षमा कर," एवढंच एक वाक्य आलं, पण ते आतून आलं.

तेव्हापासून सकाळी पुन्हा बोलणं होतं, रोज नाही, पण होतं. वाडीतली दोन घरं उपासनेला परत येऊ लागली आहेत, दोन अजून नाहीत. मी मंडळीचं भलं करायला निघाले होते आणि देवाला त्यात न विचारता धरलं होतं. शरण जाणं म्हणजे काय, हे मला फार उशिरा आणि फार थोडं कळलं आहे: आपल्या चांगल्या हेतूंवरचा हक्कसुद्धा सोडून देणं. फाट्यावर मला वाचवणाऱ्या त्या बाईसाठी मी रोज प्रार्थना करते, तिच्या टाचेसाठी सुद्धा. पापाची क्षमा होते हे मी लहानपणापासून शिकत आले. पण त्या म्हातारीचे आणि त्या मुलीचे आठ महिने मला परत देता येणार नाहीत, आणि ते तसेच घेऊन मला देवापुढे बसायचं आहे. तो मला बसू देतो, याबद्दल मी त्याचे उपकार मानते.